चौथा अवयव

१

पद्मनाभ माषांचा रविवार ठरलेला होता. देवळाच्या तळ्यात बुडी, कपाळाला चंदन, पेलाभर काळी कॉफी आणि मग पाटी. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्रिशूरकडच्या त्या गावाने त्यांचं माषपण काढून घेतलं नव्हतं. तिकडे मास्तरला माष म्हणतात, आणि एकदा माष झालेला माणूस सरणावरसुद्धा माषच असतो.

रविवारी माष घराची संख्या ताडून पाहत. आता घराला कसली आली संख्या, असं कुणी विचारेल, तर त्यांच्या वारियमात ती होती. वारियम म्हणजे देवळाला हार पुरवणाऱ्या वारियरांचं घर. अक्षरांना आकडे असतात हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. क, ट, प, य म्हणजे एक. ख, ठ, फ, र म्हणजे दोन. असं पुढे. जोडाक्षर आलं तर त्यातलं शेवटचं व्यंजन धरायचं, आणि आकडे उलटे मांडायचे, उजवीकडून डावीकडे. माषांची भाची सुमित्रा. सु म्हणजे सात, मि पाच, त्रा मधला र दोन. उलटं मांडलं की दोनशे सत्तावन्न. तिची आई, म्हणजे माषांची थोरली बहीण पार्वती, सहाशे एक्केचाळीस. माष स्वतः चार हजार एक्कावन्न. तिन्ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, याखेरीज कुणाच्या बापाचा तिला भाग जायचा नाही. त्या घरात नाव ठेवताना पत्रिका नंतर पाहत, आधी हे पाहत. नाव तुटता कामा नये.

मग घरातल्या सगळ्या जिवंत माणसांची नावं एकमेकांत गुणायची. येईल ती घराची संख्या. मधल्या खोलीच्या दारावर फणसाच्या लाकडाची फळी होती, तिच्यावर ती चुन्याने लिहिलेली असे. कुणी जन्मलं की अठ्ठाविसाव्या दिवशी बारशाला गुणायचं, कुणी गेलं की भागायचं. बाकी काही नाही. दर रविवारी माष पाटीवर नव्याने गुणाकार करीत, फळी पुसत आणि पुन्हा लिहीत. गेली तीन वर्षं आकडा एकच होता, ६६७३४९५८७. नऊ आकडी, आटोपशीर, फळीच्या मधोमध बसणारा.

त्या रविवारी माष स्टुलावर चढले, ओलं फडकं उचललं आणि हात तसाच राहिला. फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरली होती.

५४९२२८७१०१०१.

बारा आकडे. चुना वाळलेला. साताच्या पोटात आडवी रेघ मारायची खोड साऱ्या गावात एकट्या माषांना होती, आणि फळीवरच्या साताच्या पोटात ती रेघ होती.

२

"ओप्पोळ, फळीला हात कुणी लावला?"

ओप्पोळ म्हणजे थोरली बहीण, आणि ती पद्मनाभला लहानपणापासून पप्पा म्हणे. पार्वती ओप्पोळ स्वयंपाकघरात तांदळाची कंजी ढवळत होती. तिने मान वळवली नाही.

"माझा हात तिथवर पोचत असता तर आधी तिथली कोळिष्टकं काढली असती, पप्पा."

"मस्करी नकोय. आकडा बदललाय."

"मग बदल परत. तुझे आकडे, तुझी फळी. माझ्या कंजीला कशाला करपवतोस?"

माष तणतणत पाटीकडे आले. उगीच रेघोट्या ओढलेल्या असत्या तर त्यांनी सोडून दिलं असतं. पण चार हजार एक्कावन्नने भाग लावला, निःशेष गेला. आलेल्याला सहाशे एक्केचाळीसने लावला, निःशेष गेला. दोनशे सत्तावन्ननेही गेला. पाटीवर उरलं आठशे तेवीस. माषांनी त्याला सात लावून पाहिले, चार उरले. अकराने नऊ. तेराने पुन्हा चार. सतरा, एकोणीस, तेवीस, कशानेच जाईना, आणि पुढे बघायची गरज नव्हती, एकोणतीसचा वर्ग आठशे तेवीसच्या पुढे जातो. म्हणजे मूळ संख्या. म्हणजे या घराच्या रीतीत बसणारं नाव. तीन, दोन, आठ. ग, र, ज.

गिरिजा.

घरात गिरिजा नावाचं कुणी नव्हतं. कधीच नव्हतं.

आता माषांच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडताच त्यांना राग आला. सुमित्राला मुलगी झाली होती, अठरा दिवसांची. तिचं नाव सरोजिनी ठेवायचं, हे तिघांनी बसून ठरवलं होतं. आठशे सत्तावीस. शेवटच्या नी चं शून्य सगळ्यांच्या पुढे जाऊन बसतं आणि पुढे बसलेल्या शून्याला कुणी विचारत नाही. आठशे तेवीस आणि आठशे सत्तावीस या मूळ संख्यांतल्या सख्ख्या शेजारणी, मध्ये तिसरी कुणी नाही. पहिल्यांदा माषांना वाटलं, नाव घालताना कुणाचा तरी आकडा चुकला. मग वाटलं, छे, चूक कसली, बायकांनी परस्पर नाव बदललंय. सांगायची सोय नाही म्हणून माषांच्या साताची नक्कल करून आकडा फळीवर चढवून मोकळ्या झाल्या.

आणि सांगायची सोय का नव्हती, तेही त्यांना ठाऊक होतं. सुमित्राची पहिली मुलगी यशोदा. ते नाव ओप्पोळने नवस बोलून ठेवलं होतं. बारशाच्या दिवशी माषांनी पाटीवर मांडलं, आठशे एक्कावन्न, आणि चारचौघांत म्हणाले, "तेवीस गुणिले सदतीस. हे नाव तुटतं." सातव्या महिन्यात पोर तापाने गेली. सुतक फिटल्यावर माषांनी रीतीप्रमाणे घराची संख्या भागायला घेतली, आणि चाळीस वर्षं वर्गात शिकवल्याची सवय, तोंडातून मोठ्याने निघून गेलं, "बाकी शून्य." सुमित्रा दारातच उभी होती. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. माषांना याचं फार लागलं होतं. लग्न केलं नव्हतं, भाची हेच त्यांचं लेकरू. या वेळी न तुटणारं नाव पोरीच्या कानात सांगायचं आणि सुमित्राने एकदा पूर्वीसारखं तोंडभरून "अम्मामा", म्हणजे मामा, म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी फळी पुसली. नऊ आकडे लिहिले. कंजी प्यायला बसले तर ओप्पोळने चार वाट्या मांडलेल्या.

"चौथी कुणाची?"

ओप्पोळने वाट्यांकडे पाहिलं.  "सुमित्राला दोनदा लागते हल्ली," ती म्हणाली आणि चौथीतही कंजी वाढली.

बाळंतिणीला भूक लागतेच.  पण ती वाटी बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि चाटूनपुसून परत आली, हे माषांनी बघून ठेवलं.

३

बुधवारी फळीवर पुन्हा बारा आकडे होते.

माषांनी गावातल्या ईनाशु माषांना बोलावलं. हा माणूस चर्चच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून थकलेला, जिभेने तिखट आणि गुणाकारात माषांपेक्षा सरस. ते त्यांना कबूल नव्हतं, पण होता.

"तुमच्या घरात आकडे पोरं घालायला लागले म्हणे," ओसरीवर बसता बसता ईनाशु म्हणाले. "आमचं बरं आहे बाबा. तीन म्हणजे एक, एवढं आलं की देव पास करतो."

"थट्टा पुरे. हे गुणा." माषांनी तीन आकडे सांगितले.

ईनाशुंनी मांडीवर पाटी घेतली आणि विडा चघळता चघळता खाली उत्तर लिहिलं. नऊ आकडी. बरोबर तेच.

"आता आत चला. त्या फळीखाली बसून करा."

"का? तिथे पाढे वेगळे आहेत?"

"चला तर खरं."

मधली खोली लहान होती. एक खाट, एक कपाट, तांदळाची पिंपं. नुकताच चुना दिलेल्या भिंती, खिडकीतून दुपारचं लख्ख ऊन. घाबरावं असं त्यात काही नव्हतं. ईनाशु फळीखाली चटईवर बसले. माष त्यांच्यासाठी ताक आणायला स्वयंपाकघरात गेले. ओप्पोळ देवळात हार ओवायला गेली होती. सुमित्रा परसातल्या न्हाणीत होती, सुईण तिच्या अंगावर कढत पाणी ओतत होती, त्याचा आवाज इथवर येत होता. बाळ पलीकडच्या खोलीत झोळीत.

माष ताक घेऊन आले तेव्हा ईनाशु पाटी पुसत नव्हते, लिहीत नव्हते, नुसते बघत होते. पाटीवर बारा आकडे.

"ही चौथी रास कुठून आली?" माषांनी विचारलं.

"तुम्हीच ना…" ईनाशु थांबले. "नाही. तुम्ही तीन सांगितल्या होत्या. मी तीन गुणून रेघ मारली. मग आतून म्हणाली ना, आठशे तेवीस राहिलंय, माषे. मला वाटलं बरोबर आहे, राहिलं असेल."

"कोण म्हणाली?"

"आता मला काय ठाऊक? तुमच्या घरातली बाई."

"ओप्पोळ देवळात आहे."

"ओप्पोळचा नव्हे हो. तिचा आवाज मी नाक्यावरून ओळखतो. कोवळा होता. सुमित्रा असेल."

न्हाणीत पाणी पडत होतं. सुईण काहीतरी म्हणाली आणि सुमित्रा हसली, तेही ऐकू आलं. ईनाशुंनी ते ऐकलं. त्यांनी ताकाचा पेला घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"कोणत्या बाजूने आला आवाज?" माषांनी विचारलं.

ईनाशुंनी झोळीच्या खोलीकडे हात केला नाही, स्वयंपाकघराकडेही नाही. ते पिंपांकडे बघत राहिले. "निघतो," ते म्हणाले. "उन्हात परत जायचंय." छत्री विसरून गेले.

माष कुठलीही गोष्ट विचार केल्याशिवाय सोडणारे नव्हते. ते पिंपांच्या मागे डोकावले, कपाट उघडलं. मग खाटेवर बसून त्यांनी हिशेब लावला. न्हाणीला मागचं दार आहे. ओलेत्याने चार पावलं टाकली की खिडकी. खिडकीतून बोलायचं, परत जायचं, सुईणीला डोळा मारायचा. अवघड काय त्यात? म्हणजे सुमित्राही सामील. म्हाताऱ्याला वेडं ठरवायचं चाललंय आणि गाव बघतंय. त्यांनी खिडकीखालची फरशी बोटाने तपासली. कोरडी होती. पण उन्हात फरशी वाळायला कितीसा वेळ लागतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

४

मग माष पाळतीवर राहिले. स्वतःच्याच घरात, धोतराचा सोगा धरून, आवाज न करता. त्यांना लाज वाटत होती, तरी राहिले.

दोनच गोष्टी हाती लागल्या. ओसरीवर पाय धुवायला पाण्याची किंडी ठेवलेली असते, ती दुपारी रिकामी असायची आणि तिच्याभोवतीचं ओलं पाऊल दाराच्या आत जाऊन तीन-चार ठशांवर संपायचं. ठसे लहान होते. ओप्पोळचे पाय लहानच आहेत, माष म्हणाले. पण ओप्पोळच्या उजव्या पायाला अंगठा नाही, हे त्यांना नंतर आठवलं, आणि आठवल्यावर त्यांनी त्यावर विचार करायचं टाळलं.

दुसरी गोष्ट सव्विसाव्या दिवशीची. बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सुमित्रा बाळाला तेल लावत होती, चापट्यांचा आवाज येत होता, आणि ती बोलत होती.

"आधी हिचं होऊ दे. मग तुझं. हात नको लावू, हात नको लावू, निसटेल ती. शहाणी ना तू?"

माषांनी दार ढकललं. खोलीत सुमित्रा, पाटावर बाळ, तेलाची वाटी.

"कुणाशी बोलत होतीस?"

"बाळाशी." तिने वर पाहिलं नाही.

"हिचं झालं की तुझं, म्हणजे कुणाचं?"

"मांजर येतं, अम्मामा."

"मांजराला तेल लावतेस?"

सुमित्राचा हात थांबला. "तुम्ही सगळं मोजून बघता," ती शांतपणे म्हणाली. "काही गोष्टी मोजू नयेत. मोजल्या की भागायची वेळ येते."

माष दारातून आत आले. ते खाली बसले. "सुमित्रे, माझं चुकलं त्या दिवशी. तीन वर्षं म्हणायचं राहिलं. चुकलं माझं."

 तेलकट हाताने तिने त्यांच्या पायाजवळची चटई सरळ केली, आणि तेवढ्यानेही माषांना रडू फुटायचं बाकी राहिलं.

"तुला गिरिजा हवंय का?" त्यांनी विचारलं. "नाव. खरं सांग. मी रागवणार नाही."

आता तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की माष गोंधळलेच.

"ठेवाल तुम्ही?" ती म्हणाली. "तुमच्या तोंडून? कानात?"

बस. माषांचा संशय फिटला. दोघींनी मिळून घाट घातला होता, आणि भीतीपोटी तोंडाने बोलत नव्हत्या. एवढ्याशा गोष्टीसाठी किती नाटकं. ते उठले ते हलके होऊन. आठशे तेवीस काय आणि आठशे सत्तावीस काय, दोन्ही न तुटणाऱ्या. बारशाला गिरिजा सांगायचं, ओप्पोळला आधी कळू द्यायचं नाही, आणि मग दोघींचे चेहरे बघायचे, असं त्यांनी ठरवलं. फळी पुसायचीही आता गरज नव्हती. दोन दिवसांनी तोच आकडा खरा होणार होता.

फक्त दारातून बाहेर पडताना त्यांना वाटलं की सुमित्राने "ठेवाल तुम्ही?" असं विचारलं तेव्हा ती पाटाकडे बघत नव्हती. तिची नजर कोपऱ्यात होती. पण नजर काय, कुठेही जाते.

५

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी ओसरीवर समई लावली. सुमित्राचा नवरा अच्युत कोईमतूरच्या गिरणीतून रजा काढून आला होता; घर आईकडून चालणारं, त्यामुळे जावई संख्येत धरत नसत. ईनाशु माष आले, पण ओसरीच्या पायरीवरच बसले, वर या म्हटलं तर गुडघा दुखतो म्हणाले. सुईण होती, शेजारचं एक जोडपं होतं, त्यांना मूलबाळ नव्हतं. माषांनी सवयीने माणसं मोजली. सगळी बाहेर होती. घरात कुणी नव्हतं. मधल्या खोलीचं दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं होतं.

बाळाच्या कमरेला काळा दोरा बांधला. वेखंड आणि सोनं उगाळून जिभेला लावलं, तिने तोंड वाकडं केलं, सगळे हसले. मग सुमित्रा बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि माष तिच्यासमोर. या घरात नाव मामाने द्यायचं. डाव्या कानावर विड्याचं पान धरायचं आणि उजव्या कानात तीनदा सांगायचं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाता कामा नये.

"काय ठरलं तेच सांग हं, पप्पा," ओप्पोळ म्हणाली. "तुझं काही खरं नाही."

माष मनात हसले. त्यांनी पान धरलं. बाळाच्या कानाला आंबट दुधाचा वास येत होता. ओठ अगदी टेकवून ते म्हणाले,

"गिरिजा."

बाळ समईकडे बघत होतं.

"गिरिजा."

सुमित्राने श्वास धरून ठेवला होता. ती बाळाकडे बघत नव्हती, माषांकडेही नाही. तिचं सगळं लक्ष त्यांच्या पाठीमागे, बंद दाराकडे होतं. आणि ओप्पोळला तर काहीच ठाऊक नव्हतं, तिचा चेहरा साधा, सणाचा होता. आपण दोघींचा म्हणून लावलेला हिशेब साफ चुकला आहे, हे माषांना त्या क्षणी कळलं. पण दोनदा सांगून झालं होतं, आणि तिसऱ्यांदा न सांगता नाव अर्धवट सोडणं म्हणजे पोरीचं वाटोळं, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. जीभ आपोआप वळली.

"गिरिजा."

"ओ," आतून आवाज आला.

लहान पोरीचा. नुकतं नीट बोलायला लागलेल्या, हाक मारल्यावर खेळ टाकून उठणाऱ्या पोरीचा. यशोदा जगली असती तर आता एवढीच असती. लख्ख सकाळ होती, समई जळत होती, आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला. अच्युत म्हणाला, "शेजारचं पोर आलंय का आत?" शेजारच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ईनाशु पायरीवरून उठून अंगणात गेले होते.

माष मान वळवणार नव्हते, तरी वळली. दार बोटभर उघडलं होतं. फटीत, कडीच्या खूप खाली, दाराच्या कडेला चार बोटं होती. तेल लावलेली, चकचकीत.

"सुमित्रे," माष म्हणाले. "सुमित्रे, बस तू."

सुमित्रा हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून, तोंडभर. "अम्मामा," ती म्हणाली, अगदी पूर्वीसारखं. तिने मांडीवरचं बाळ उचललं, माषांच्या ओटीत ठेवलं, आणि पदर सावरत उठली.

"आले गं, आले," म्हणत ती आत गेली, आणि दार लागलं.

बाळ रडायला लागलं. त्याच्या कानाला विड्याचं पान तसंच चिकटलेलं होतं. अच्युत दारावर थापा मारत होता, आतून कडी लागली होती, आणि आत कुणीतरी दोघी हळू आवाजात बोलत होत्या.

"पप्पा," ओप्पोळने माषांचा दंड धरून हलवलं. "काय नाव दिलंस रे हिला?"

"हिला?" माष म्हणाले. "हिला अजून दिलेलंच नाही."